कोरडा जोड: वर्षावनातल्या स्वयंसेवी मुक्कामासाठी सॅक कशी भरावी

बोर्निओतल्या माझ्या पहिल्या मुक्कामाच्या चौथ्या सकाळी मी सॅकच्या तळातून शेवटचा कोरडा शर्ट काढला आणि तोही ओला निघाला. सॅक छपराखाली होती, तिच्यावर रेन कव्हर होतं, शर्टावर पाण्याचा एक थेंब पडलेला नव्हता. तो नुसत्या हवेने ओला झाला होता. कॉलरच्या आत राखाडी बुरशीचे बारीक ठिपके उठले होते आणि सोबतच्या चामडी पट्ट्यावर पांढरी लव आली होती, शिळ्या भाकरीवर येते तशी. मी डोंगरातल्या ट्रेकची सॅक भरून वर्षावनात आले होते. तीही १९ किलोची.

त्यानंतर पेरूच्या बाजूच्या ॲमेझॉनमध्ये गेले तेव्हा सॅक ११ किलोची होती आणि सहा आठवडे मी रोज रात्री कोरड्या कपड्यांत झोपले. मधल्या काळात जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते. तुम्ही रोपं लावायला जाणार असा, पक्षी मोजायला, माकडांच्या पुनर्वसन केंद्रावर किंवा एखाद्या संशोधन तळावर मदतनीस म्हणून जाणार असा, गाभा तोच राहतो: काम करताना तुम्ही भिजणारच आहात, म्हणून झोपताना घालायचा एक जोड काहीही झालं तरी कोरडा राहिला पाहिजे. बाकीची सगळी यादी या एका गोष्टीभोवती बसवायची.

१. सॅक हातात घेण्याआधी प्रकल्पाला विचारायचे प्रश्न

सगळी वर्षावनं एकसारखी नसतात. बोर्निओत जमिनीवरच्या जळवा पावलापावलाला भेटतात. ॲमेझॉनमध्ये तो त्रास नाही, पण गवतातले डोळ्यांना न दिसणारे चिगर किडे कमरेच्या पट्ट्याखाली असे चावतात की आठवडाभर खाज जात नाही. आफ्रिकेतल्या वनांत काही भागांत त्सेत्से माशी असते आणि ती गडद निळ्या-काळ्या कपड्यांकडे ओढली जाते. म्हणून "वर्षावनासाठी काय न्यावं" ही सरसकट यादी शोधण्याआधी तुमच्या प्रकल्पाला लिहून विचारा:

- मुक्काम कशात आहे? लाकडी खोली, तंबू की हॅमॉक? मच्छरदाणी आणि अंथरूण तिथे मिळतं का?
- वीज किती तास असते? मोबाईल चार्ज कुठे होतो?
- शेवटचा टप्पा कसा आहे? होडी, छोटं विमान की पायी? सामानाच्या वजनाची मर्यादा किती?
- पिण्याचं पाणी कसं शुद्ध केलं जातं?
- गमबूट तिथे मिळतात का, आणि माझ्या मापाचे आहेत का?
- सर्वांत जवळचा दवाखाना किती तासांवर आहे?

वजनाचा प्रश्न विसरू नका. छोट्या विमानात आणि होडीत मोठ्या विमानासारखे २० - २५ किलो कुणी देत नाही. धक्क्यावर पोचल्यावर सामान उपसून निम्मं मागे ठेवताना मी माणसं पाहिली आहेत. घाईत मागे राहतं ते नेमकं लागणारंच असतं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती सॅकपेक्षा महत्त्वाची आहे. जो प्रकल्प पहिल्याच पत्रात तुम्हाला वन्य प्राण्यांची पिल्लं कडेवर घेऊन फोटो काढू देण्याचं कबूल करतो, तिथे जाण्याआधी पुन्हा विचार करा. माकडांना आणि विशेषतः ओरांगउटान, चिंपांझी, गोरिला यांना आपली सर्दी-खोकला सहज लागतो आणि ती त्यांच्या जिवावर बेतू शकते. चांगलं केंद्र उलट तुमच्याकडेच क्षयरोगाच्या तपासणीचा अहवाल मागेल, लशींचे दाखले मागेल, मास्क लावायला लावेल. त्या कागदांना कटकट समजू नका.

२. कागद आणि लशी: निघण्याच्या किमान सहा ते आठ आठवडे आधी

सोबत न्यायचे कागद असे:

- पासपोर्ट. प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी वैध असलेला, कारण बरेच देश तेवढी अट घालतात.
- व्हिसा. बिनपगारी कामाला पर्यटक व्हिसा चालतो का हे त्या देशाच्या दूतावासाला विचारा. प्रकल्पाच्या माणसाने "चालतं सगळं" म्हटलं म्हणून थांबू नका. सीमेवर उभं राहून उत्तर तुम्हाला द्यायचं असतं.
- प्रकल्पाचं निमंत्रणपत्र, पत्ता आणि तिथल्या माणसाचा फोन नंबर, कागदावर छापलेला.
- प्रवास विमा. त्यात आणीबाणीत उचलून रुग्णालयात नेण्याचा खर्च धरलाय का ते वाचा. स्वयंसेवी श्रमाचं काम, कोयत्याचा वापर, उंचावर चढणं अशा गोष्टी वगळल्या आहेत का, तेही बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.
- नेहमीच्या औषधांची चिठ्ठी, त्यात औषधाचं मूळ नाव असलेली.
- पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लशीचा पिवळा दाखला.

हा शेवटचा कागद लोकांना सर्वांत जास्त गोत्यात आणतो. पीतज्वर आफ्रिकेच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या काही भागांत आहे, आशियात नाही. लशीचा दाखला लागू होतो तो लस घेतल्यानंतर १० दिवसांनी, त्यामुळे निघायच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नसतो. पूर्वी हा दाखला १० वर्षं चालायचा. जुलै २०१६ पासून तो आयुष्यभरासाठी ग्राह्य आहे. आणि तो फक्त जातानाच लागतो असंही नाही. पीतज्वराच्या देशातून तुम्ही दुसऱ्या देशात उतरलात, कधी कधी नुसतं विमान बदलायला थांबलात, तरी तिथे तो मागितला जाऊ शकतो. परतीचा मार्ग ठरवताना हे तपासा. गर्भवती, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या आणि साठी ओलांडलेल्या व्यक्तींनी ही लस घेण्याआधी डॉक्टरांशी सविस्तर बोलायला हवं.

मलेरियाच्या गोळ्या कोणत्या घ्यायच्या हे डॉक्टर ठरवतील, पण त्यांचा हिशोब तुम्हाला माहीत असू द्या, कारण गोळ्या मोजून न्याव्या लागतात. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा घेतात आणि ती निघण्याच्या दोन आठवडे तरी आधी सुरू करावी लागते. डॉक्सिसायक्लिन रोज घ्यायची असते आणि परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते. तिने उन्हात त्वचा लवकर भाजते. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवसांत संपते. मुक्कामाचे दिवस मोजून गोळ्या आणल्या आणि नंतरचे दिवस धरलेच नाहीत, ही चूक फार होते.

धनुर्वात, टायफॉइड, कावीळ अ आणि ब यांबद्दलही विचारा. प्राण्यांजवळ किंवा वटवाघळांवर काम असेल तर रेबीजची आधी घ्यायची लस घ्याच. ती घेतलेली असली तरी चावा बसल्यावर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुऊन पुढचे डोस घ्यावेच लागतात, पण उपचार सोपे होतात. दवाखाना दिवसभराच्या अंतरावर असतो तेव्हा हे सोपं होणं फार मोलाचं असतं.

३. ओला जोड, कोरडा जोड

आता कपडे. उष्ण प्रदेशातल्या वर्षावनात वर्षाला साधारण २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण कपड्यांचा खरा शत्रू घाम आणि दमट हवा आहे. पाऊस थांबतो, दमटपणा थांबत नाही. दोरीवर टाकलेला शर्ट संध्याकाळी जितका ओला असतो तितकाच सकाळी असतो.

म्हणून कपडे दोनच कामांसाठी न्यायचे.

ओला जोड कामाचा. पूर्ण बाह्यांचा सैल, पातळ शर्ट आणि लांब पातळ पँट, दोन्ही नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे, लवकर वाळणारे. असे दोन जोड पुरतात, तीन म्हणजे चैन. जीन्स नको, भिजली की तिचं ओझं होतं, मांड्या काचतात आणि ती आठवडाभर वाळत नाही. सुती टी-शर्टचं तेच. रंग फिका मातकट किंवा खाकी घ्या म्हणजे अंगावर चढलेली गोचीड दिसते. लष्करी छापाचे कपडे मात्र अजिबात नेऊ नका. आफ्रिका आणि कॅरिबियनमधल्या काही देशांत ते सामान्य माणसाने घालणं कायद्याने गुन्हा आहे.

कोरडा जोड झोपेचा. एक हलका शर्ट, एक पायजमा, एक जोड मोजे. हा सुती चालतो, कारण तो कधी भिजणारच नाही. तो दोन पिशव्यांत बंद राहतो, अंग पुसून, पाय कोरडे करून, बिछान्यावर बसल्यावरच बाहेर येतो आणि सकाळी उठल्या उठल्या परत पिशवीत जातो.

अवघड भाग इथेच आहे. सकाळी साडेपाचला, अंधारात, दोरीवरचा गार ओलेता शर्ट पाठीला चिकटतो तेव्हा अंगावर शहारा येतो आणि मन म्हणतं, आजच्या दिवस कोरडाच शर्ट घालून जाऊ, रात्रीचं रात्री बघू. घालू नका. ओला शर्ट पाच मिनिटांत अंगाच्या उबेने सुसह्य होतो. चालायला लागलं की तसाही घामाने भिजणारच असतो. पण कोरडा जोड एकदा भिजला की पुढची प्रत्येक रात्र ओली. बोर्निओत मी तिसऱ्या दिवशी हीच चूक केली होती आणि चौथ्या सकाळी उरलेला शेवटचा शर्ट असा निघाला.

आतले कपडे चार-पाच घ्या, लवकर वाळणारे आणि न काचणारे. शिवण मांडीच्या आत येणार नाही असे बघा. रुंद काठाची टोपी, एक पातळ पंचा, आणि रात्रीसाठी एक पातळ लोकरी किंवा फ्लीसचा शर्ट. उष्ण प्रदेशात गरम कपडा कशाला असं वाटेल, पण पावसात भिजून उघड्या होडीत तासभर बसलात की उत्तर मिळतं. पावसासाठी जाड रेनकोट नको, आत घामाचं पाणी होतं. सॅकवरून येणारा पोंचो उत्तम. रात्री तो छप्पर म्हणून बांधताही येतो.

४. पाय

माझ्या पाहण्यात जेवढे स्वयंसेवक मुक्काम अर्धवट सोडून परत गेले, त्यांतले बहुतेक पायांमुळे गेले. साप-विंचवांमुळे एकही नाही.

दिवसभर ओल्या मोज्यांत राहिलेला पाय संध्याकाळी पांढरा पडतो, त्यावर सुरकुत्या येतात, मग तो जळजळायला लागतो. दुर्लक्ष केलं तर कातडी सोलवटते आणि चालणं बंद. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात त्या वेगळ्याच. उपाय साधा आहे, पण रोज करावा लागतो: तळावर आलं की आधी बूट-मोजे काढायचे, पाय धुवायचे, बेचक्या पुसून बोटं उघडी करून वारा लागू द्यायचा, बुरशीनाशक पावडर टाकायची आणि रात्रभर पाय कोरडे ठेवायचे. मोजे किमान सहा जोड घ्या. इतर कपड्यांत कंजूषपणा करा, इथे नको.

बुटांचं सांगायचं तर महागडे वॉटरप्रूफ ट्रेकिंग बूट इथे फसवतात. पाणी वरून आत शिरतं आणि त्याच वॉटरप्रूफ अस्तरामुळे बाहेर पडत नाही. ॲमेझॉनमध्ये सगळे स्थानिक साथी गुडघ्याखालपर्यंतचे गमबूट घालतात. चिखल, साप, काटे सगळ्यांवर ते चालतात. बोर्निओत चढ-उताराच्या पायवाटांवर स्थानिक लोक तळव्याला उंचवटे असलेले साधे रबरी बूट घालतात, त्यांना लाडाने "कंपुंग आदिदास", म्हणजे गावठी आदिदास, म्हणतात. आत पाणी गेलं तरी ते ओतून टाकता येतं आणि ओल्या मुळांवर पाय घसरत नाही. तिथली माणसं काय घालतात ते बघून तेच घाला. गमबूट नवीन असतील तर पोटरीला घासतात, म्हणून आत गुडघ्यापर्यंतचे मोजे हवेत.

तळावर घालायला चप्पल किंवा सँडल हवीच. अनवाणी फिरू नका. ओल्या मातीतून अंकुशकृमीच्या अळ्या तळव्याच्या कातडीतून आत शिरतात. बूट रात्री जमिनीत रोवलेल्या काठ्यांवर उलटे टांगा आणि सकाळी पाय घालण्याआधी झटका. दर वेळी, अगदी उशीर झालेला असला तरी.

५. डास, जळवा आणि बाकी मंडळी

अंगाला लावायला २० ते ५० टक्के डीट (डासांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम किंवा स्प्रे घ्या. सनस्क्रीन आधी, डीट नंतर. डीट प्लास्टिक विरघळवतं हे मला माझ्या घड्याळाच्या चिकट झालेल्या पट्ट्याने शिकवलं. चष्मा, दुर्बीण, हेडलॅम्प यांना हात लावण्याआधी तळवे पुसा. आणि बेडूक हाताळायचं काम असेल तर त्या दिवशी हातांना डीट लावूच नका. बेडूक कातडीतून श्वास घेतात, आपल्या बोटावरचं रसायन सरळ त्यांच्या शरीरात जातं.

कपड्यांवर मारायला ०.५ टक्का पर्मेथ्रिन या कीटकनाशकाचा स्प्रे मिळतो. घरीच, निघण्याच्या दोन दिवस आधी, मोकळ्या हवेत कपडे टांगून मारा आणि पूर्ण वाळू द्या. बऱ्याच धुण्यांनंतरही तो टिकतो. ओला असताना तो मांजरांना आणि माशांना घातक असतो, म्हणून जंगलात ओढ्याकाठी हे काम करू नये.

जळवांसाठी घट्ट विणीच्या कापडाचे गुडघ्यापर्यंतचे मोजे मिळतात, नेहमीच्या मोज्यांवरून घालायचे. चिकटलीच जळू तर मीठ टाकू नका, काडीने भाजू नका. तिच्या पोटातलं जखमेत उलटतं. बारीक टोक कुठे आहे ते बघा, तिथे तोंड असतं. कातडी ताणून नखाने आडवं सरकवलं की सुटते. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, कारण जळू रक्त न गोठण्याचं द्रव्य सोडते. दिसतं भयंकर, पण त्रास फारसा नसतो. जखम धुऊन दाबून पट्टी लावली की झालं. पहिली जळू काढताना माझे हात थरथरत होते. आठवड्याने मी बोलता बोलता काढत होते.

६. सॅक भरण्याची पद्धत

सॅक ५० ते ६० लिटरची पुरे. रेन कव्हरवर भरवसा ठेवू नका. पाठीकडून ते उघडंच असतं आणि पाण्यात सॅक पडली तर त्याचा काही उपयोग नाही.

सॅकच्या आत आधी एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी अस्तरासारखी बसवा. सगळं सामान तिच्यात. त्या पिशवीत वेगवेगळ्या रंगांच्या लहान ड्राय बॅगा, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायच्या, पाणी न शिरणाऱ्या पिशव्या: माझी लाल म्हणजे औषधं, निळी म्हणजे कोरडा जोड, पिवळी म्हणजे चार्जर-केबल. अंधारात, घाईत, पावसात रंगच कामाला येतात. प्रत्येक पिशवी बंद करताना गुडघ्याने दाबून हवा काढा आणि तोंड किमान तीन वेळा गुंडाळा. दोन वेळा गुंडाळलेल्या तोंडातून पाणी शिरतं.

क्रम असा: तळाला कोरडा जोड आणि अंथरूण, पाठीला लागून जड सामान, वरती कामाचे कपडे, अगदी वरच्या खिशात पोंचो, हेडलॅम्प आणि प्रथमोपचाराची पिशवी. ओले कपडे ठेवायला एक वेगळी जाळीची पिशवी बाहेर बांधा. ओलं आणि कोरडं एका पिशवीत एकदा गेलं की दोन्ही ओलं.

पासपोर्ट, पैसे आणि कागद यांच्यासाठी दोन झिपच्या पिशव्या, एकात एक. प्रत्येक कागदाची एक प्रत सॅकमध्ये दुसऱ्या ठिकाणी आणि एक घरी कुणाकडे तरी.

रोज कामावर न्यायला २० लिटरची छोटी सॅक वेगळी घ्या. तिच्यात दोन ते तीन लिटर पाणी, पोंचो, हेडलॅम्प (दिवसासुद्धा), थोडी औषधं, खाऊ, आणि शिट्टी. दाट झाडीत दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि हाक विरून जाते. तीन वेळा वाजवलेली शिट्टी म्हणजे मदत हवी, हे बहुतेक ठिकाणी कळतं.

७. औषधांची पिशवी

तळावर प्रथमोपचाराची पेटी असते, पण ती सगळ्यांची असते. तुमची स्वतःची छोटी असू द्या: ओआरएसची भरपूर पाकिटं, पॅरासिटॅमॉल, जुलाब थांबवणारी गोळी, ॲलर्जीची गोळी, बुरशीचं क्लोट्रिमॅझोल मलम, जंतुनाशक, बँडेज, चिकटपट्टी, चिमटा, सेफ्टी पिना, घामोळ्याची पावडर. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन ताप आल्यावर स्वतःहून घेऊ नका; डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. नेहमीची औषधं असतील तर मुक्कामाच्या दिवसांहून दोन आठवड्यांची जास्त, आणि ती विमानात हातातल्या बॅगेत.

ओआरएस भरपूर म्हटलं ते मुद्दाम. दिवसभर घाम गाळून नुसतं पाणी पीत राहिलं की संध्याकाळी डोकं ठणकतं, पोटऱ्यांत गोळे येतात. दुपारी एक पाकीट घेतलं की फरक लगेच कळतो.

पाण्यासाठी फिल्टर नेणार असाल तर लक्षात ठेवा, ०.१ मायक्रॉनचा फिल्टर जिवाणू अडवतो, विषाणू अडवत नाही. उकळणं सर्वांत खात्रीचं: खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट.

बायकांसाठी वेगळं सांगते. पाळी त्या दिवसांत येणार नाही असा हिशोब करून जाऊ नका. प्रवास आणि श्रमांनी तारखा हलतात. वापरलेले पॅड जंगलात पुरायचे नाहीत, प्राणी उकरून काढतात, आणि तळावर जाळायची सोय असेलच असं नाही. मेन्स्ट्रुअल कपची सवय असेल तर तोच न्या, पण पहिल्यांदा वापरून बघायची ही जागा नव्हे. दोन-तीन महिने आधी सवय करा. पॅड नेणार असाल तर वापरलेले परत आणायला वास न येणारी घट्ट पिशवी घ्या.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी चष्मा न्यावाच. मातीच्या हातांनी लेन्स बसवायची वेळ रोज येते.

८. दिवे, बॅटऱ्या, कॅमेरा

विषुववृत्ताजवळ वर्षभर दिवस-रात्र साधारण बारा-बारा तासांचे असतात आणि संध्याकाळ अशी जवळजवळ नसतेच. सूर्य मावळला की अर्ध्या तासात मिट्ट काळोख. झाडांच्या छताखाली तर तो आणखी आधी होतो, कारण जमिनीपर्यंत दिवसाही एक-दोन टक्केच उजेड पोचतो. म्हणून हेडलॅम्प दोन घ्या. एक लाल दिव्याचा असू द्या. किडे कमी झेपावतात आणि समोरच्याचे डोळे दिपत नाहीत.

पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच चालते, चेक-इन सामानात नाही. १०० वॅट-तासांपर्यंतची साधारणपणे परवानगीशिवाय नेता येते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-तास भरते, म्हणजे चालते. उलट कोयता किंवा चाकू फक्त चेक-इनमध्ये.

कॅमेरा बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. रंग बदलणारं जेल घेतलंत तर ते भरलं की दिसतं आणि मंद आचेवर तव्यावर तापवून पुन्हा वापरता येतं. एसीच्या खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा लगेच उघडू नका, आतल्या काचेवर धुकं धरतं. बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेला येऊ द्या.

नोंदी करायच्या असतील तर वॉटरप्रूफ कागदाची वही आणि शिसपेन्सिल. बॉलपेन ओल्या कागदावर उमटत नाही.

९. घरीच ठेवा

चामड्याचं काहीही. दागिने. सुगंधी तेलं आणि परफ्यूम. हेअर ड्रायर (हो, आणलेला पाहिला आहे). जाड पुस्तकं, जाड टॉवेल, तिसरी पँट. "लागलं तर असावं" म्हणून ठेवलेली प्रत्येक वस्तू.

१०. निघण्याआधी एक तालीम

सॅक पूर्ण भरा आणि दोन तास चाला, शक्यतो चढावर. मग ती तशीच न्हाणीघरात शॉवरखाली दहा मिनिटं ठेवा. उघडून बघा. काय ओलं झालं ते तुम्हाला घरीच कळेल, जिथे ते वाळवता येतं. मी दुसऱ्या खेपेला हे केलं तेव्हा निळ्या पिशवीच्या शिवणीतून पाणी झिरपताना दिसलं, पिशवी बदलली. शक्य असेल तर कोरडा जोड अंधारात, नुसत्या हाताने चाचपून काढून दाखवा. मला चौथ्या प्रयत्नात जमलं.

११. बूट धुवा, जाताना आणि येताना

बेडकांना मारणारी कायट्रिड नावाची बुरशी आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिच्यामुळे जगभरात उभयचरांच्या किमान ५०१ जातींची संख्या घटली आणि त्यांतल्या ९० जाती नामशेष झाल्याचं मानलं जातं. ही बुरशी ओल्या चिखलातून पसरते, म्हणजे आपल्या बुटांच्या खाचांमधूनही. ज्या जंगलाला मदत करायला आपण जातो तिथे आपणच ती नेऊन सोडायची नाही. निघण्याआधी बुटांच्या तळव्यांतली माती जुन्या टूथब्रशने खरवडून काढा, जंतुनाशकाने धुवा आणि कडक वाळवा. सॅकचे पट्टे, पँटच्या मुडपा, वेल्क्रो यांत गवताचं बी अडकलेलं असतं, तेही काढा. एका जंगलातून दुसऱ्यात जाताना, आणि घरी परतण्याआधीही, हेच पुन्हा.

साबण "निसर्गस्नेही" असला तरी ओढ्यात अंग धुऊ नका. पाणी बादलीत घेऊन काठापासून दूर.

गमबूट, मच्छरदाणी, उरलेलं ओआरएस यांतलं तळाला काही हवंय का ते निघण्याच्या आदल्या दिवशी विचारा. माझे बूट पुढे माझ्याच मापाच्या एका मुलीने वापरले, हे तिनेच मला नंतर कळवलं. मलेरियाच्या गोळ्या मात्र कुणाला देऊन टाकू नका, त्यांचे दिवस अजून संपलेले नसतात. आणि परतल्यानंतर वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, मी वर्षावनात जाऊन आले आहे, कुठल्या देशात आणि कधी.